गळ्याचं माप

देवाने माणसाला गळा नेमका कशासाठी दिला असावा, याचा मी बराच विचार केला आहे. बँकेतल्या कारकुनाला विचार करायला सवड कुठली, असं लोकांना वाटतं. पण सर्व्हर बंद पडला की सवडच सवड असते. तर माझं मत असं, की दुसऱ्यांनी त्यात काहीतरी अडकवावं म्हणूनच गळा दिलेला असतो. आठव्या वर्षी माझ्या गळ्यात जानवं पडलं. ते वडिलांनी घातलं. तेविसाव्या वर्षी बी. कॉम.चं प्रमाणपत्र हातात घेऊन बँकेत चिकटलो, तेव्हा निळी फीत आणि तिच्या टोकाला ओळखपत्र आलं. अठ्ठाविसाव्या वर्षी हार पडला. तो हिने घातला, आणि त्याबद्दल इथे जास्त लिहिण्यात अर्थ नाही, कारण हस्तलिखित आधी तीच वाचते. या तिन्ही वेळी माझ्या गळ्याचं माप कुणी घेतलं नव्हतं. चौथ्या वेळी घेतलं, अगदी शिंपी घेतो तसं घेतलं, आणि तेही माझ्यासाठी नव्हे! अमेरिकेतल्या अर्कान्सॉ राज्यात राहणाऱ्या, मी जन्मात न पाहिलेल्या, सव्वासहा फूट उंचीच्या एका म्हाताऱ्यासाठी घेतलं.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आई दादाकडे गेली होती. दादा अर्कान्सॉत लिटल रॉक या गावी असतो. गावाच्या नावातच दगड आहे, त्यामुळे आईला ते सुरुवातीपासून कोकणासारखं वाटलं. त्यात तिथून तासाभराच्या अंतरावर भाताची शेती सुरू होते हे कळल्यावर तर ती खूषच झाली. अमेरिकेत पिकणाऱ्या तांदळातला जवळजवळ निम्मा या एका राज्यात पिकतो. तिकडे स्टटगार्ट नावाचं गाव आहे (जर्मनीतलं नव्हे, पण जर्मन माणसांनीच वसवलेलं). ते स्वतःला तांदळाची आणि बदकांची जागतिक राजधानी म्हणवतं. भात कापून झाला की हिवाळ्यात शेतांमध्ये पाणी सोडतात, पडलेला दाणा खायला उत्तरेकडून बदकांचे थवेच्या थवे उतरतात, आणि बदकांच्या मागोमाग शिकारी येतात. शिकारी पाण्यात उभे राहून तोंडाने पुंग्या वाजवतात. आकाशातून जाणाऱ्या बदकांना वाटतं, खाली कुणीतरी आपलंच जेवायला बसलंय, आणि ती पाहुणचाराला खाली येतात. या पुंग्या वाजवण्याची जागतिक स्पर्धा १९३६ सालापासून त्या गावात होते. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला एक शिकारी कोट बक्षीस मिळाला होता, किंमत ६ डॉलर ६० सेंट. आमच्या बँकेत पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारं भिंतीवरचं घड्याळ पाहता मला हा कोट फार उदार वाटतो.

दादाच्या शेजारी असाच एक पुंगीवाला राहतो. वय पंच्याहत्तर, एकटा. आई त्याला ‘बदकभाऊ’ म्हणते. एका सकाळी तिथे गारठलेला पाऊस पडला, तारांवर बर्फ साचून तारा तुटल्या आणि वीज गेली. दादा-वहिनी कामावर अडकलेले. घर थंडगार. आई शाल, स्वेटर, दुलई असं एकावर एक गुंडाळून बसलेली, तेवढ्यात हा बदकभाऊ दार वाजवून आला. हातवारे करून तिला आपल्या घरी घेऊन गेला, लाकडाच्या शेगडीजवळ बसवली, आणि आई मांसमच्छी खात नाही हे कळल्यावर शेगडीवर नुसता भात शिजवून, वर लोणी घालून वाढला. दीड दिवस आई तिथे होती. ती मराठीत बोलत होती, तो त्याच्या इंग्रजीत. दादा म्हणतो, त्याचं इंग्रजी अमेरिकेतल्या इतर लोकांनाही समजत नाही. पण या दोघांचं काही अडलं नाही. त्याने तिला आपल्या पुंग्या दाखवल्या. लाकडाची पोकळ नळी, तिच्यात बसवलेलं दुसरं टोक, आणि आत बाजाच्या पेटीत असते तशी थरथरणारी पातळ पट्टी. वाजवूनही दाखवल्या. लांबून जाणाऱ्या बदकाला हाक मारायची ती एक, आणि खाली उतरायला लागलं की ‘टिक्का टिक्का’ करत जेवणावळीचा आवाज काढायचा तो वेगळा. आई हे दोन्ही आवाज पुढे आम्हांला करून दाखवायची. दुसरा आवाज ऐकला की आमच्या खिडकीवर कबुतरं येतात. डोंबिवलीत बदकं नाहीत म्हणून, नाहीतर तीही आली असती.

या पुंग्या ज्या दोरीला लावून तो गळ्यात घालायचा, ती दोरी त्याच्या बायकोने विणलेली होती. ती जाऊन सहा वर्षं झालेली. दोरी दोन ठिकाणी तुटून त्याने स्वतःच गाठी मारलेल्या, आणि त्या मोसमात एका गाठीने दगा दिल्यामुळे एक पुंगी पाण्यात गेली होती. आई परत आल्यावर विमानतळावरच्या गाडीत पहिलं वाक्य काय बोलली असेल? “त्याला गाठ मारता येत नाही रे!”

मग महिनाभर ती काही बोलली नाही. एक दिवस मी कामावरून आलो तर म्हणाली, “मला चांगला दोरा आणून दे. भिजला तरी कुजणार नाही असा. त्याला गोफ करून पाठवते.”

आता इथे मला थोडं थांबायला हवं. आमच्या घरी जानवी विकत आणत नसत. आई टकळीवर सूत काढायची आणि वडील जानवी करायचे. वाती, पोवती, करगोटे, पुढे मॅक्रमेचं खूळ आलं तेव्हा कुंड्यांची शिंकाळी, सगळं आई करायची. वडील गेल्यावर तिने टकळी माळ्यावर ठेवली ती ठेवलीच. चार वर्षं हातात दोरा घेतला नव्हता. बोटं आखडतात म्हणायची. डॉक्टर म्हणायचे, “हलवत राहा.” आम्ही लोकर आणून दिली, ती कपाटात गेली. त्यामुळे तिने दोरा मागितल्याबरोबर ही माझ्याकडे बघायला लागली आणि मी हिच्याकडे. चहासुद्धा न घेता मी खाली उतरलो.

दादरला डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे पॅराकॉर्ड नावाची दोरी मिळाली. मुळात पॅराशूटची दोरी. वर नायलॉनचं विणलेलं कवच, आत सात बारीक दोरे, जाडी चार मिलिमीटर. ५५० पौंड, म्हणजे जवळजवळ अडीचशे किलो वजन पेलते. दुकानदाराने विचारलं, “काय लटकवायचंय?” मी म्हटलं, “पुंग्या.” त्याने दोरी कापली आणि पुढे काही विचारलं नाही.

आईने ती आधी रात्रभर बादलीत भिजत घातली. मी म्हटलं, “अगं, नायलॉन आहे, सुती नव्हे.” ती म्हणाली, “आटत असेल तर आमच्याकडे आटू दे, त्याच्या गळ्यात नको.” आणि खरोखरच आटली! मीटरमागे तीन-चार बोटं कमी भरली. दुकानदाराला हे माहीत असतं, पण तो भिजवून मोजत नाही.

इथवर सगळं ठीक. प्रश्न आला तो मापाचा. गोफ किती लांब करायचा? लांब झाला तर पुंग्या पोटावर लोंबतात, वाकलं की पाण्यात बुडतात, बंदुकीच्या दांड्यावर आपटतात. आखूड झाला तर पुंगी तोंडाकडे नेताना मानेला हिसका बसतो, आणि जाड कोटावरून डोक्यातून आत जायचा नाही तो नाहीच. पुंग्या बरोबर छातीच्या मध्यावर, हात सहज जाईल अशा आल्या पाहिजेत. शिवाय त्या एकाच पातळीवर टांगल्या तर एकमेकींवर आपटून टकटक वाजतात आणि बदकांना फसवणूक आधीच कळते. म्हणून प्रत्येक पुंगीचा फास वेगवेगळ्या लांबीचा. आणि फास इतका घट्ट हवा, की नळीच्या खाचेत बसला की सुटता कामा नये. हे सगळं आईनेच सांगितलं. भाषा येत नसताना दीड दिवसात माणसाने किती माहिती काढावी! मला ग्राहकाकडून त्याचा पत्तासुद्धा एका फेरीत नीट काढता येत नाही.

दादाला फोन केला. दादाने बदकभाऊला सांगितलं आणि उत्तर पाठवलं. ‘सतरा इंच.’ बस. पुढे काही नाही.

इथे माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. मी कागद घेतला. चौपदरी गोफाला विणताना दोरी खाल्ली जाते, म्हणून तयार लांबीच्या दीडपट प्रत्येक पदर. सतरा गुणिले दीड, साडेपंचवीस. गुणिले चार, एकशे दोन इंच. अधिक गाठींसाठी तरतूद. एकूण पावणेतीन मीटर. खाली दोन रेघा मारून मी हिशेब आईला दिला. आईने चार दिवस बसून सुरेख गोफ विणला, टोकं देवापुढच्या निरांजनावर धरून वितळवून बंद केली, आणि माझ्या डोक्यातून घालायला गेली तर तो माझ्या कपाळावर बसला. राज्याभिषेक झाल्यासारखा.

सतरा इंच ही मानेपासून छातीपर्यंतची एका बाजूची लांबी होती. गळ्यातल्या दोरीला दोन बाजू असतात. प्रत्येक नावेला जमा असतं, हे मी वीस वर्षं बँकेत करतो आहे. ज्याच्या पोटात डबल एन्ट्री इतकी मुरलेली आहे, त्याने गळ्याला सिंगल एन्ट्री लावावी! ही हसली. आई हसली नाही. “हा राहू दे,” एवढंच म्हणाली. तो आता आमच्या घराच्या किल्ल्यांना आहे. अडीचशे किलो वजनाच्या किल्ल्या असत्या तरी तुटला नसता.

दुसऱ्या वेळी मी फार सावध झालो, आणि सावध झालेला कारकून जास्त नुकसान करतो. सतरा दुणे चौतीस घेतले. मग मनात आलं, तिकडे कडाक्याची थंडी, कोट जाड, तर कोटासाठी सहा इंच वाढवू. उंच माणूस आहे, आणखी चार. नायलॉन पुन्हा आटलं तर? आणखी दोन. अशा तरतुदी करत गेलो. आता हा गोफ घालून बघायचा कुणी? घरात कोट एकच, दादाने मागच्या खेपेला विसरलेला लोकरी ओव्हरकोट. आणि तो अंगाला होणारा माणूसही एकच.

म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी दीड वाजता, मी आमच्या हॉलच्या मध्यभागी ओव्हरकोट घालून उभा होतो. पंखा बंद, कारण वाऱ्याने फास हलतात. गळ्यात गोफ, आणि पुंग्या नसल्यामुळे त्याला एका बाजूने लाटणं, दुसऱ्या बाजूने खोकल्याच्या औषधाची बाटली, मध्ये मुलीची शाळेतली बासरी, आणि कुत्र्याला बोलवायची शिट्टी असते तिच्या जागी कुकरची शिट्टी. आई जमिनीवर बसून म्हणतेय, “आता वाक. आता पाण्यातून चालल्यासारखा चाल.” मी सोफ्यापासून फ्रीजपर्यंत पाण्यातून चालतोय. लाटणं गुडघ्यावर आपटतंय. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्सची आठवण करून द्यायला आले. दार उघडंच होतं. त्यांनी पाहिलं. मी म्हटलं, “या ना. बदकांची तयारी चाललीय.” ते म्हणाले, “नंतर येतो.” त्यानंतर तीन महिने ते मेन्टेनन्स मागायला आले नाहीत. या उद्योगातून झालेला निव्वळ नफा काय तो एवढाच.

लाटणं गुडघ्यावर का आलं, याचा उलगडा रात्री दादाच्या फोनवर झाला. सतरा इंच हे माप बदकभाऊने कोट घालूनच घेतलं होतं. म्हणजे कोट मी दोनदा धरला होता. आधी एक बाजू सोडली, मग एक बाजू दोनदा लिहिली. ऑडिटर असता तर माझी बदलीच झाली असती.

आईने माझ्या हातातला कागद काढून घेतला. “तुझे इंच तुझ्यापाशी ठेव,” म्हणाली. “जानव्याचं माप कसं घेतात?”

मला आठवत होतं. वडील डाव्या हाताची चार बोटं जोडून धरायचे आणि त्यांच्याभोवती सुताचे शहाण्णव वेढे घ्यायचे. ज्याचं जानवं त्याची बोटं. लहान चणीच्या माणसाला लहान, थोराड माणसाला मोठं. फूटपट्टीचं काम नाही. “त्याला विचार,” आई म्हणाली, “मानेच्या मणक्यापासून छातीच्या खळगीपर्यंत त्याच्या स्वतःच्या चार बोटांची किती मापं बसतात. आणि बोटं केवढी ते पाठव म्हणावं.”

दादाने हा निरोप कसा पोचवला असेल, देव जाणे. दोन दिवसांनी फोटो आला. टेबलावर पसरलेला एक भलामोठा पंजा. त्यावरून केवढा ते काय कळणार? पंजाच्या बाजूला काहीच नव्हतं. तो हत्तीचा आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. इथे मात्र माझा पेशा कामी आला. मी कळवलं, शेजारी पाव डॉलरचं नाणं ठेव आणि कॅमेरा वरून सरळ धरून फोटो काढ. पाव डॉलरच्या नाण्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर असतो. (आपलं दहा रुपयांचं २७ असतं. अशा गोष्टी मला माहीत असतात; लग्नाच्या वाढदिवसाची तारीख नसते.) फोटो छापून घेतला. कागदावर नाणं भरलं २० मिलिमीटर, चार बोटं भरली ७४. त्रैराशिक मांडलं. जवळजवळ नव्वद मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. आणि निरोप होता: कोटावरून पाच मापं, जरा कमीच. साडेतीन पंचे साडेसतरा. सतरा इंचांशी जुळलं! जमा आणि नावे दोन्हीकडे सारखं आलं, की रात्री साडेआठला बँकेत जो आनंद होतो, तो मला झाला.

“हेच मी म्हणत होते,” आई म्हणाली. वास्तविक ती असं काही म्हणत नव्हती.

तिसरा गोफ तिने बारा दिवसांत केला. बोटं दुखली की थांबायची, वाटीत कोमट पाणी घेऊन बोटं बुडवायची, पुन्हा बसायची. मानेवर येणारा भाग चपटा विणला, कारण गोल गोफ मानेत रुततो. छातीशी दोन्ही बाजू एका गाठीत बांधल्या, म्हणजे पुंग्या भरकटत नाहीत. खाली चार फास, प्रत्येक आधीच्यापेक्षा तीन बोटं खाली. फासाचं माप मात्र तिने मागवलंच नाही. पुंगीची नळी लाटण्याच्या मुठीएवढी आहे हे तिला हाताने आठवत होतं, आणि गाठ घातली ती पोहऱ्याची. माहेरच्या विहिरीवर पोहऱ्याला घालत तो सरफास. ओझं जितकं जास्त तितका आवळत जातो, आणि उलटा ढकलला की एका बोटाने सुटतो. “त्या विहिरीत माझा एकही पोहरा गेलेला नाही,” ती म्हणाली. “त्याची पुंगी कशी जाते बघू.”

मध्येच नागपूरहून मावशीचा फोन आला. आपल्याकडे १९७२ साली कायदा झाला आणि शिकार बंद होत गेली, आणि तू अमेरिकेतल्या शिकाऱ्याला साहित्य पुरवतेस? जन्मभर अंडं न खाल्लेली बाई तू! आई शांतपणे म्हणाली, “मी विचारलंय त्याला. मारतो म्हणाला, आणि मारलेलं सगळं खातो म्हणाला. आपल्या गावात खारवी मासे मारायचे, त्यांची जाळी तुटली तर आजी सुतळी द्यायची की नाही?” मावशीने विषय बदलून पापडांवर नेला. आईने फोन ठेवला आणि बराच वेळ गोफ हातात घेऊन बसली. मग म्हणाली, “दोन-तीनच मारतो आता, असंही म्हणाला.” हे ती मला सांगत होती की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

एक अडचण मात्र राहिली होती. जुन्या दोरीवर अ‍ॅल्युमिनियमच्या सात कड्या ओवलेल्या होत्या. तिकडे १९२० सालापासून सरकारी प्रयोगशाळा पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालण्याचं काम बघते. कुणाला अशी कडी सापडली की त्याने नंबर कळवायचा. मग ते बदक कुठे, कधी नोंदलं गेलं ते त्याला लेखी कळवतात, आणि कडी त्याचीच. आपल्याकडे मुंबईची बीएनएचएस, १८८३ सालची संस्था, पक्ष्यांना अशाच कड्या घालते. मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे बदकाचंही केवायसी होतं! फक्त त्याला दर दोन वर्षांनी पुन्हा आधार कार्ड घेऊन बोलावत नाहीत. तर या सात कड्यांसाठी आईने गोफाच्या डाव्या अंगाला एक मोकळा पदर ठेवला.

पार्सल करताना पोस्टात फॉर्म भरायचा होता. वस्तू: हाताने विणलेला गोफ, एक नग. किंमत? मी चारशे रुपये लिहिले. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “दोरीचेच तेवढे झाले ना?”

नोव्हेंबरच्या अखेरीस दादाने फोटो पाठवला. पाण्यात उभी झाडं, धुकं, कमरेपर्यंत पाण्यात बदकभाऊ. कोट, टोपी, आणि छातीच्या बरोबर मध्यावर तीन पुंग्या आणि एक शिट्टी, एकीखाली एक. आईने फोटो दोन बोटांनी मोठा केला. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. गाठीपर्यंत गेली.

“डावीकडचा फास उलटा घातलाय मेल्याने,” म्हणाली. “दादाला सांग, त्याला सरळ करून दे.” मग फोटो थोडा सरकवला. मोकळा पदर मोकळाच होता. कड्या त्याने नव्या गोफावर घेतल्या नव्हत्या. दादाने खाली लिहिलं होतं, की जुनी दोरी कड्यांसकट शेगडीच्या वर खिळ्याला टांगली आहे.

“बरोबर आहे,” आई म्हणाली आणि मोबाइल माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर माझी बँकेची निळी फीत केराच्या डब्यात होती आणि आई उरलेली दोरी घेऊन बसली होती. “दोन वर्षं बघतेय,” म्हणाली, “जेवताना तुझं ते कार्ड आमटीत जातं. इकडे ये. कॉलर काढ. चार बोटं दाखव.” माझी चार बोटं तीन इंच भरली. पाच मापं बसली. आता माझं ओळखपत्र आमटीत जात नाही. फक्त तिने सवयीने चार फास घातले आहेत. एकात ओळखपत्र असतं, दुसऱ्यात तिजोरीच्या खोलीची किल्ली, आणि उरलेल्या दोहोंत काय लावणार आहात, असं मॅनेजरसाहेब आठवड्यातून एकदा तरी विचारतात.